डाव्या कमरेवर

नंदीध्वजांच्या उंच काठ्या वळणावर दिसू लागल्या, तशी सारजानं बापाच्या धोतराचा सोगा ओढला.

"आबा, मला उचला की."

मानसिंगनं ऐकलं, पण तो हलला नाही. शेठच्या पेढीच्या पायरीवर तो दाराला पाठ लावून उभा होता. भोगीचा दिवस होता. सिद्धेश्वराच्या यात्रेला आलेली माणसं रस्त्यात मावत नव्हती. मानसिंगची उजवी बाही कोपरापाशी दुमडून टाचलेली होती. तो हात बसऱ्याच्या लढाईत गेला. राहिलेला डावा हात डाव्या कमरेच्या पिस्तुलावर होता.

पिस्तूल उजव्या हाताच्या माणसासाठी घडवलेलं. उजव्या कमरेला असतं तर सेफ्टीची कळ अंगाच्या बाजूला, आत राहिली असती. डाव्या कमरेला ती बाहेर येई आणि जाणाऱ्यायेणाऱ्याच्या धक्क्यानं खाली घसरे. कळ खाली आली की पिस्तूल मोकळं. नळीत गोळीच ठेवू नये म्हटलं, तर ऐन वेळी एका हातानं ती चढवता येत नव्हती. म्हणून सोबतचा पहारेकरी मल्लप्पा सकाळी ती चढवून देई आणि संध्याकाळी उतरवून घेई. आज मल्लप्पा सकाळीच ती चढवून, पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वज पेलायला गेला होता.

कळ घसरू नये म्हणून मानसिंगनं मोच्याकडून चामड्याच्या खोळीवर एक आडवी वादी शिवून घेतली होती. शेठला यातलं काही ठाऊक नव्हतं. झालं असतं, तर दोन हातांचा पहारेकरी मिळायला सोलापुरात उशीर लागला नसता.

सारजाची आई पावसाळ्यात गेली. घरात पोरीला बघणारं कुणी नव्हतं, म्हणून मानसिंगची बहीण सोनाबाई तिला संध्याकाळच्या गाडीनं माढ्याला घेऊन चालली होती. पोरीनं घरापासून एकच हट्ट धरला होता. आबाच्या कडेवरनं काठ्या बघायच्या, मग जायचं. आत्यानं घ्यायला हात पुढं केले, तर तिनं अंग चोरलं.

"शेठचं दार काय पळून जातंय व्हय, दादा?" सोनाबाई बोचकं दुसऱ्या काखेत घेत म्हणाली. "आईच्या मागं कुणाच्या कडंवर बसली न्हाय ती. एवढ्यापायी रडवत नेऊ का तिला?"

मानसिंगनं वादी चाचपली. घट्ट होती. पुन्हा एकदा चाचपली. मग तो वाकला आणि पोरीला डाव्या हातानं उचलून त्यानं कडेवर घेतलं. दुसरी बाजू त्याला नव्हतीच.

सारजानं त्याच्या मानेभोवती हात टाकले. तिच्या केसांना तीळ वाटून लावलेल्याचा वास येत होता. त्याला वाटलं होतं त्याहून ती फार हलकी निघाली. आई गेल्यापासून पोर नीट जेवत नाही असं शेजारीण सांगायची, ते खरं असावं.

काठ्या जवळ आल्या. 'हर्र बोला हर्र'चा गजर उठला. डोक्यांवरून दिसावं म्हणून सारजानं टाचा रोवून अंग ताणलं. आत्यानं आजच तिच्या पायात वाळे घातले होते. त्यातला एक वादीत अडकला. मोच्याची शिवण उसवली.

टक् झालं. त्या गजरात ते दुसऱ्या कुणाला ऐकू येणं शक्य नव्हतं. मानसिंगला ते कमरेत ऐकू आलं. पोरीची टाच खोळीवर होती आणि खोळीत चाप.

त्यानं तिला टाकल्यासारखं खाली ठेवलं. भिंतीकडे वळून बोटानं कळ वर सारली आणि तळवा कळीवर दाबून धरला. वादी नुसतीच लोंबत होती. तो पुन्हा वळला तोवर काठ्या पुढं निघून गेल्या होत्या. सारजाला माणसांच्या पाठी तेवढ्या दिसल्या.

ती रडली नाही. मान वर करून तिनं विचारलं, "मी लई जड झाले व्हय, आबा?"

सोनाबाई त्याच्याकडे बघत होती. वरच्या सज्जात शेठ उभे होते. खरं सांगितलं तर नोकरी राहणार नव्हती. आणि सोनाबाई या पोरीला पुन्हा कधी त्याच्या दाराशी आणणार नव्हती.

"व्हय," तो म्हणाला. "लई जड झालीस की."

गर्दी पांगली. गाडीला अजून वेळ होता. सोनाबाईनं तिथंच पायरीवर फडकं सोडलं. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी होत्या, भोगीची भाजी होती, वर लोण्याचा गोळा होता. तिनं सारजाच्या हातात अख्खी भाकरी दिली. पोरीनं तिचा एक कोपरा मोडला, तेवढाच सावकाश चावून खाल्ला आणि बोटं परकराला पुसली.

"खा की गं. गाडीत भूक लागंल."

"पुरे, आत्या," सारजा म्हणाली. "पुढल्या गड्ड्याच्या जत्रेला आबा उचलणार हायत मला."

उरलेली भाकरी तिनं दोन्ही हातांनी आबापुढं धरली. मल्लप्पा अजून आला नव्हता. मानसिंगचा हात कळीवर होता. पोर भाकरी धरून तशीच उभी राहिली.