शुद्धलेखन

दुःखाने माणूस शुद्ध होतो, असं धाकट्याने वडिलांच्या शेवटच्या दिवसांवरच्या पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं. त्यात ‘शुद्ध’ तेवढं अशुद्ध लिहिलं होतं.

संपादक मात्र खूश. “तुम्ही स्वतः किती लोभस उतरलाय! आणि ती ताई! वाचक बोटं मोडतील तिच्या नावाने. फक्त शुद्धलेखन तपासून घ्या कुणाकडून तरी.”

घरात भाषेची शिक्षिका एकच, ती म्हणजे ताई.

कागद तिच्याकडे देऊन आल्यापासून त्याचं कशात लक्ष लागेना. ती भांडेल? छापू नकोस म्हणेल? की कायमचं तोंड फिरवेल? मधे तिचा फोन आला, तो त्याने वाजू दिला. “लेखकाला खरं लिहावंच लागतं, ताई,” हे वाक्य मात्र आरशासमोर घोटून ठेवलं.

आठव्या दिवशी ताई स्वतःच आली आणि गठ्ठा त्याच्या हातात ठेवला. “वेलांट्या अजून तशाच चुकतात रे तुझ्या,” म्हणाली आणि चपला घालून निघाली.

त्याने घाईघाईने ते पान काढलं. ‘बाबा शेवटचे श्वास घेत होते आणि ताई बाहेर तासभर फोनला चिकटून होती.’

‘तासभर’ खोडून वर लाल शाईत लिहिलं होतं : ‘चाळीस मिनिटं. तू उचलत नव्हतास.’