रस्त्यावरचा चोथा

लंगड्या देकुईचा ताप उतरवायचाच, असं त्याच्या बायकोने, शूलानने, ठरवलं होतं. आणि शूलानने ठरवलं की तापाचीही धडगत नसे. रोज पहाटे सोनचांदीच्या वेलाच्या न उमललेल्या कळ्या खुडून ती काढा करायची आणि चोथा रस्त्यावर टाकायची. जो तुडवील तो दुखणं घेऊन जाईल, ही गावाची रीत.

पण सगळे चोथ्याला वळसा घालून जात.

"एवढा लाडका आहे नवरा, तर तूच तुडव की," शेजारची मा काकू हसत म्हणाली.

"तुडवते. मी कुणाला भिते काय?"

शूलानने जोडे काढले आणि अनवाणी पायांनी चोथा तुडवत ती पलीकडे गेली.

लगेच घरातून देकुईची हाक आली, "अगं, घाम फुटला. भूक लागलीय. राळ्याची पेज टाक."

"टाकते हो," म्हणत ती खुशीत वळली.

ओल्या चोथ्यात ठसे उमटले होते, रुंद, पुरुषी. उजव्या पावलाला अंगठा नव्हता. देकुईचा अंगठा लहानपणीच विळ्याखाली गेला होता.

मा काकू शूलानच्या पायांकडे बघत मागे सरकत होती.

शूलानने खाली पाहिलंच नाही. ती चुलीकडे निघाली, जराशी लंगडत.