जिवाकडची माणसं

“पोरगी दिली, सर,” पुंजाबाबा म्हणाला आणि तळहातावरचा तंबाखू मळत राहिला.

हेमंत सरांच्या मोटरसायकलचं इंजिन अजून धडधडत होतं. मोखाड्याहून सतरा किलोमीटर ते एका दमात आले होते. खिशात चंदनाच्या कॉलेजच्या पत्राची प्रिंट होती. उद्या सकाळी दहाला नाशिकला हजर राहायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला.

“कोणाला दिली?”

“जिवाला. शिरपामाळाखालचा आहे. सकाळी चार माणसं आली, बोलणं झालं, चहा झाला.”

“बाबा, एकोणीस वर्षांची आहे ती! अख्ख्या छावणीत बारावी पास झालेली पहिली मुलगी!”

“लगीन आज कुठाय? त्याला सवड हाय. आज नुसतं माणूस घर बदलणार.”

छावणी म्हणजे बेचाळीस पत्र्याच्या खोल्या. करंजपाडा धरणात गेला तेव्हा ‘सहा महिने इथे राहा’ म्हणून लोकांना आणून बसवलं, त्याला आता अकरा वर्षं झाली. छावणीतला म्हातारा पुंजाबाबा नवख्याला सांगायचा, माझ्या जुन्या घरात हल्ली एक मासा राहतो, सज्जन आहे, दार लावून घेतो. सरांना एरवी हसू आलं असतं.

ते चंदनाच्या बापाच्या, रघूच्या खोलीकडे चालू लागले. पुंजाबाबा मागे होताच.

“काय शिकणार होती म्हणालात?”

“शेतकीची पदवी. चार वर्षं. वसतिगृह, जेवण, सगळं मिळतंय.”

“शेती शिकायला कॉलेज! नागली काय इंग्रजीत विचारल्याशिवाय उगवत नाय का?”

सरांनी चाल वाढवली.

खोलीत रघू खाटेवर पडला होता. ठाण्याला बांधकामावरून पडून त्याचा पाय मोडला होता, प्लास्टर मांडीपर्यंत. त्याची बायको सकू फडक्यात भाकऱ्या बांधत होती आणि मधूनच पदराने नाक पुसत होती. दारालगत दोरीने करकचून बांधलेली पत्र्याची पेटी. कोपऱ्यात एक रुंद खांद्यांचा पोरगा मान खाली घालून बसला होता, पायाशी कपड्यांचं गाठोडं. हाच जिवा.

रघू त्याची उलटतपासणी घेत होता.

“बेणणी जमते? तण उपटायला?”

“जमते.”

“शेळीची धार काढशील?”

“काढीन.”

“दारू?”

“नाय.”

“कधीच?”

“पोळ्याला थोडी,” जिवा म्हणाला. सकू तेवढ्यात हसली आणि तिनं पुन्हा नाक पुसलं.

सरांना संताप आला. मुलीचं आयुष्य वाया चाललं होतं आणि हे शेळीची धार विचारत होते.

“रघूभाऊ, तुम्ही मला शब्द दिला होता.”

“दिला होता, सर. पन माझा पाय बघा. उतारावर नागली उभी, भात उभं, एकट्या बाईनं किती ओढायचं? घरात हात पायजे.”

“हात पाहिजे म्हणून मुलगी देऊन टाकता? मग तर घर आणखी रिकामं होईल की!”

पुंजाबाबाला ठसका लागला. तो तंबाखूचा असावा. सकूनं वर पाहिलं, पण रघूनं तिला डोळ्यानंच दटावलं.

चंदना मागच्या दारातून आत आली. अंघोळ झालेली, केस विंचरलेले, पायात नव्या चपला.

“तू तरी बोल,” सर म्हणाले. “नको म्हण. तू सज्ञान आहेस, कोणी जबरदस्ती करू शकत नाही. मी तहसीलदारांकडे जातो.”

“जबरदस्ती कसली, सर? बोलणं मीच लावलं.”

“तू?”

“जिवा दोन वर्षं माझ्या मागे लागला होता. मागच्या आठवड्यात मीच निरोप धाडला, यायचं तर आत्ता ये म्हणून.”

सरांना बसावंसं वाटलं, पण बसायला पेटीच होती. रविवारी रविवारी घेतलेले तास, फॉर्म भरताना नेट गेलेल्या त्या तीन दुपारी, दाखल्यावर बुडालेल्या गावाचं नाव चालत नाही म्हणून घातलेले खेटे, सगळं एकदम अंगावर आलं. त्यांनी खिशातला कागद काढला.

“हा ठेव. आठवण म्हणून.”

“बरं झालं प्रिंट आणलीत, सर,” ती म्हणाली. कागद नीट घडी करून तिनं पिशवीत टाकला.

थट्टा करते की काय, असं सरांना वाटून गेलं.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. जिवानं पेटी खांद्यावर घेतली आणि आपलं गाठोडंही बाहेर आणलं. छावणीतल्या बायका जमल्या, कुणी कुंकू लावलं, कुणी ओटीत तांदूळ घातले. सकूनं लेकीला मिठी मारली आणि मोठ्यानं रडली. रघू खाटेवरूनच म्हणाला, “जपून ऱ्हा.”

सर मोटरसायकलला टेकून उभे राहिले. निदान निरोप तरी हसून द्यावा म्हणून त्यांनी हात वर केला.

जिवानं पेटी टपावर चढवली, दोरी दोनदा ओढून पाहिली, खाली उतरला. चंदना पुढच्या सीटवर बसली. दार लागलं. ती खिडकीतून जिवाला हळूच काहीतरी म्हणाली. त्यानं मान डोलावली.

जीप सुटली. जव्हारकडे, जिवाच्या गावाच्या वाटेला, वळलीच नाही. त्र्यंबकच्या चढाला लागली, तिथून नाशिक.

आणि जिवा रस्त्यातच उभा.

सरांचा हात वरच राहिला. सकूनं डोळे पुसले, कोयता उचलला आणि जिवाचं गाठोडं उचलून आपल्या खोलीत ठेवलं.

“चला जावईबापू, ऊन चढायच्या आत खालचा तुकडा उरकू. ती शिकून येईस्तोवर चार वर्षं राबायचंय आमच्याकडे, तवा कुठं तुम्हाला हळद लागंल.”