गाईसाठी काढलेली कणीक

"अप्पा, ते ठोकळे पुन्हा जिन्याखाली नेऊन ठेवा," साधना म्हणाली. "आईचा आवाज बुडेल त्यांत."

ओझरच्या विमान कारखान्यातून यंदाच निवृत्त झालेले तिचे वडील गुडघे टेकून नव्या होम थिएटरच्या पाठीमागे वायर जोडत होते. दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या लाकडी पेट्या उभ्या होत्या. तारुण्यात त्यांनी त्या स्वतः रंधा मारून बांधल्या होत्या. एकेकीत परातीएवढा बास स्पीकर. आई गेली आणि पेट्या जिन्याखाली गेल्या, त्यांच्यावर जुन्या गाद्या आल्या. होम थिएटर बसवायला आलेला दुकानदार त्यांच्याकडे पाहून दयेने हसला होता. "मॅडम, ह्या पॅसिव्ह आहेत. नुसत्या जोडून वाजायच्या नाहीत. वेगळा अँप्लिफायर लागेल." मग अप्पांनी माळ्यावरून तोही काढला.

साधनाचा राग थंड होता, म्हणूनच तो टिकत असे. जुन्या पोथ्यांचे पाठभेद लावणे हा तिचा व्यवसाय होता, आणि पहिल्या वर्षभराचे पगार तिने या यंत्रात घातले होते ते एकाच कॅसेटसाठी. आई वारली तेव्हा साधना नऊ वर्षांची होती. मागे उरली होती पंचवटीतल्या महिला भजनी मंडळाची एक कॅसेट. चतुराबाई होती म्हणून मंडळ उभं होतं, असे गल्लीतल्या बायका अजून म्हणत. मात्र कॅसेटमध्ये दहाबारा बायका एकत्र गात होत्या, आणि त्यांतली आपली आई, चतुराबाई, कोणती हे मुलीला आठवत नव्हते. साधनाने मग शास्त्रशुद्ध मार्ग धरला. एकेक आवाज तपासला, एकेक बाद केला. शेवटी एक उरला: किंचित खरखरीत, ओळ संपताना हलकेच खाली उतरणारा. त्या आवाजावर ती इतकी वर्षे जगली होती. परीक्षांच्या आदल्या संध्याकाळी तिने तोच ऐकला होता.

आता कॅसेटची सीडी झाली होती. तिने रिमोट दाबला. बायका खोलीत येऊन बसाव्यात इतक्या स्वच्छ गाऊ लागल्या. तो आवाज डाव्या कोपऱ्यातून आला, एकटा, सोललेला.

"ही बघा," ती म्हणाली. "ही आई."

अप्पांनी मान वळवली. "ती भागीबाई हाय."

"कोण भागीबाई?"

"भाजीबाजारात मेथी घेऊन बसते ती. काल तू एका जुडीपायी तिच्याशी लय वाद घातलास."

साधना हसली नाही. विद्वत्तेला असे तोंडघशी पडण्याची सवय नसते. तिने सीडी थांबवली, सुरू केली, पुन्हा थांबवली.

"मग यात आई कुठे आहे?"

"गातच नाय ती."

त्यांनी जुन्या अँप्लिफायरचा खटका दाबला. लाल दिवा जरा विचार करून लागला. "या पेट्यांना स्वतःचा जीव नाय," ते म्हणाले. "मागून कुणीतरी जोर लावावा लागतो. लाव आता."

गाणे पहिल्यापासून सुरू झाले. त्याच बायका, तेच शब्द. पण त्यांच्या खालून, आजवर कुठल्याच लहान टेपरेकॉर्डरला न पेललेले, काहीतरी उठले. फरशी हलली. शोकेसमधल्या काचा हलल्या. पखवाजाची डावी बाजू बोलत होती: खोल, रुंद, घाई न करणारी. भागीबाई जिथे ओळ सोडून देत होती तिथे तो हात तिला झेलत होता.

"चंदरबुवा," साधना यंत्रवत म्हणाली. कॅसेटच्या वेष्टनावर पखवाजापुढे तेच नाव होते.

"बुवा त्या दिवशी आलेच नाहीत. तुझी आई बसली. बापाकडून शिकली होती. बाईमाणूस पखवाजाला बसलं हे कळतं, तर देवळातल्या मंडळींनी या बायांना ओवरीत पाय ठेवू दिला नसता. म्हणून नाव बुवांचं."

चंदरबुवांनी त्याला हरकत घेतली नव्हती. पुढे त्या वादनाबद्दल त्यांचा जाहीर सत्कार झाला, आणि तो त्यांनी नम्रपणे स्वीकारला. स्त्रियांनी देवाचे नाव घ्यावे, पण ताल पुरुषाने धरावा, हा नियम कोणत्या ग्रंथात आहे, हे साधनाने विचारले नाही. तिने ग्रंथ वाचले होते.

"आणि तुम्ही इतकी वर्षं गप्प?"

"तिनं शब्द घेतला होता. मंडळ चालू हाय तोवर बोलायचं नाय." अप्पांनी पेटीवरची धूळ तळव्याने पुसली. "गेल्या महिन्यात मोडलं मंडळ."

साधना पेटीजवळ जाऊन बसली. स्पीकरच्या जाळीला तिने हात लावला. आतून कोणीतरी तळव्याला तळवा लावावा तसा ठोका येत होता.

"हा आवाज इतका खोल कसा हो?"

"पखवाजाच्या डाव्या पुडीवर, कातड्यावर, ओली कणीक थापतात. ती सुकली की आवाज मरतो. रोज ताजी लागते. दुपारी दार लावून बसायची ती, उशी दाबून वाजवायची, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून."

साधनाने स्वयंपाकघराकडे पाहिले. ओट्यावर परात होती. परातीच्या काठाशी कणकेचा एक गोळा होता. पोळ्या लाटण्याआधी तो बाजूला काढायचा, ही आईची एवढीच रीत तिला नक्की आठवत होती, आणि आजवर तिने ती एक दिवसही मोडली नव्हती.

"तो तर गाईसाठी असायचा," ती म्हणाली. "मी विचारायचे तेव्हा आई तसंच सांगायची."

अप्पा वायर गुंडाळता गुंडाळता थांबले.

"साधना," ते म्हणाले, "आपल्या गल्लीत गाय कधी आली होती?"