आरशाचं टेबल

"हत्यारं राहतील," कोर्टाचे साहेब म्हणाले. "रंधा, करवत, पटाशी, कामधंद्याचं काही नेत नाही आम्ही. भांडी, अंथरुणं, कपडेही तुमचेच. साधं, रोजच्या वापरातलं सगळं राहतं. किमती असेल तेवढं लिलावात जातं."

मिस्त्रींच्या जिवात जीव आला. फर्निचरचा कारखाना बुडाला होता, दिवाळखोरीचा अर्ज कोर्टात गेला होता, आणि आज हे साहेब घरातली चीजवस्तू तपासायला आले होते. त्यांचं बघून होतही आलं होतं. आतल्या खोलीतल्या आरशाच्या टेबलापाशी येऊन "टेबल, साधं" असं पुटपुटत त्यांनी पेनसुद्धा टेकवलं.

तेवढ्यात बायकोनं घोळ घातला.

"साधं?" ती कमरेवर हात ठेवून पुढे झाली. "अहो साहेब, शिसवी आहे ते! लग्नात यांनी स्वतःच्या हातानं केलंय माझ्यासाठी. उभ्या गल्लीत असं टेबल दाखवा मला!"

आता काय म्हणावं हिला! घरात चोर शिरला तर दागिन्यांचा डबा कुठे आहे तेही सांगेल. मिस्त्रींनी डोळे वटारले, दोनदा खाकरून पाहिलं. पण नवऱ्याचं कौतुक सुरू झालं की तिला थांबवणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं.

साहेबांनी काळ्याभोर लाकडावरून हात फिरवला. "शिसवी असेल तर न्यावं लागेल, बाई."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. रोज सकाळी ती या टेबलासमोर बसून वेणी घालायची आणि मिस्त्री मागे दाढीचा साबण लावून ताटकळायचे, "आटप की गं" म्हणत. ते गेलं तर या घरात सकाळ कशी उजाडणार?

"शिसवी नाहीये ते," मिस्त्री म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात."

गिऱ्हाइकानं पॉलिशला नख लावलं तरी मिस्त्री अंगावर धावून जायचे. त्याच मिस्त्रींनी पटाशी उचलली आणि टेबलाच्या पुढच्याच पायावर चालवली. काळ्या झिलईखालून पांढरं, भुसभुशीत लाकूड उघडं पडलं.

"खोक्याच्या फळ्या आहेत," ते म्हणाले. बायकोकडे बघायची छाती होईना. "तेव्हा शिसव कुठलं परवडायला? पॉलिश मात्र जीव ओतून केलं."

साहेबांनी वाकून पाहिलं, मान हलवली, "साधं" असं लिहिलं आणि चहाला नको म्हणून निघून गेले.

बायको टेबलासमोर बसली. पांढऱ्या ओरखड्यावरून तिनं बोट फिरवलं. मिस्त्री मागे चोरासारखे उभे.

"इतकी वर्षं थाप मारलीत मला."

"मारली."

"आणि मी वेडी गावभर सांगत सुटले."

"रागावलीस?"

"मग काय हार घालू?"

तिनं मान वर करून आरशातूनच त्यांच्याकडे पाहिलं. पाहता पाहता तिला हसू फुटलं.

"एक बरं झालं. जाताना त्यांनी तुमच्याबद्दल नाही विचारलं मला."

"का? काय सांगितलं असतंस?"

"शिसवीच म्हणाले असते," ती म्हणाली. "मग नेलं असतं त्यांनी तुम्हालाही."