आतली बाजू

चपला बाजूला काढून नव्वदीच्या सुवार्ताबाई सरळ नव्या शवपेटीत जाऊन आडव्या झाल्या.

"अहो बाई, हे काय भलतंच!" शांतवन सुतार धावला.

"जन्मात कधी साडीसुद्धा अंगाला लावून बघितल्याशिवाय घेतली नाही. ही तर कायमची आहे."

शांतवनला घाम फुटला. चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांच्या पेट्या त्याच्याच हातच्या. बाहेरून पॉलिश असं, की तोंड दिसावं. आतून मात्र तो कधी रंधाच फिरवायचा नाही. पांढरं कापड ठोकलं की झालं. आतलं गिऱ्हाईक थोडंच तक्रार करतंय? आणि वर, "आपला प्रभूही सुतारच होता," हे येईल त्याला छाती फुगवून ऐकवायचा.

बाई कळवळून उठल्या. कापडातून लाकडाचं कुसळ पाठीत घुसलं होतं.

"आजच्या आज घासून देतो, बाई," शांतवन ओशाळून म्हणाला. "फक्त कुणाला सांगू नका."

"मी कशाला सांगू?" बाईंनी चपला पायात सरकवल्या. "तू ज्या सुताराचं नाव घेतोस ना, त्याच्यापुढं तुझी आजवरची सगळी गिऱ्हाइकं पाठ खाजवत बसलीत."