त्यांना कोंडून ठेवलंय

"कुत्रं असंल तर गाडी पाठवतो, मॅडम. सशाचं आमच्याकडं नाय."

"मग कुणाकडं?" प्रेरणानं विचारलं. पलीकडच्या महापालिकेच्या माणसानं फोन ठेवून दिला होता.

तिनं पुन्हा बाल्कनीतून पाहिलं. समोरच्या राजकुमारच्या गच्चीवर पिंजरा होता. पोरीच्या वाढदिवसाला आणलेले दोन ससे. आठवडाभर गल्लीतली सगळी पोरं त्यांना बघायला येत होती. आता कुणी वर फिरकत नव्हतं. पडेगावचं एप्रिलचं ऊन, आणि पाण्याची वाटी पालथी. राजकुमारला सांगून झालं होतं. "मग काय एसीत ठेवू का, वैनी?" म्हणाला आणि हसला.

सकाळपासून तिनं कुणाला फोन केला नव्हता? जनावरांच्या दवाखान्यात म्हणाले, आजारी असतील तर घेऊन या. प्राण्यांच्या संस्थेतल्या माणसानं आधी फोटो मागितले, मग व्हिडिओ, मग म्हणाला, मालकाची संमती घ्या. संमती म्हणे.

"सूनबाई," आतून आप्पांचा आवाज आला. "जरा ऐकतीस का?"

"दोन मिनिटं, आप्पा. फोनवर आहे."

आप्पा म्हणजे सासरे, कडूबा. पैठणजवळच्या गावाहून दिवाळीनंतर राहायला आले होते. नवरा इंद्रजीत दिवसभर चितेगावच्या कंपनीत, आणि ती बाळामागं. मध्यंतरी आप्पा न सांगता पार दौलताबादच्या रस्त्याला लागले होते. तेव्हापासून ती त्यांच्या खोलीला बाहेरून कडी घालायची. एक जीव सांभाळताना दुसरा कुठं शोधणार?

मोबाईल वाजला. मैत्रीण मोनिकाचा मेसेज : 'हा नंबर लाव. कुणाचे हाल होत असतील तर लगेच येतात म्हणे.'

तिनं लावला. एका बाईनं पहिल्याच रिंगला उचलला, आणि इकडं कुकरची शिट्टी आणि बाळाचं रडणं एकदमच सुरू झालं.

"ताई, ससे आहेत, ससे," प्रेरणा जवळजवळ ओरडलीच. "फार हाल चाललेत त्यांचे. दिवसभर कोंडून ठेवलंय त्यांना."

"कोंडून? आणि खाण्यापिण्याचं?"

"आठवण झाली तर. पाणी सांडलं तरी कुणी बघत नाही."

"चालता येतं का त्यांना?"

"जागाच नाही हो. पाय आखडलेत. आणि बिचारे तोंड उघडून कुणाला सांगूही शकत नाहीत."

"कुणी ठेवलंय असं?"

"घरच्यांनीच. सांगायला गेलं तर हसतात."

"पत्ता सांगा. आम्ही आत्ता निघतो. घरच्यांना कळू देऊ नका."

प्रेरणानं स्वतःचा पत्ता दिला. आधी माझ्याकडंच या, म्हणाली, मग दाखवते.

फोन ठेवला तेव्हा तिचे कान तापले होते. अख्ख्या शहरात एका माणसानं तरी नीट ऐकून घेतलं होतं. रडणाऱ्या बाळाला उचलून तिनं हॉलमध्ये एक गिरकी घेतली. "येतायत रे राजा, येतायत." बाळ रडायचं थांबलं. तिनं ओढणी बदलली, केस बांधले, परत बाल्कनीत गेली, परत आत आली.

"सूनबाई."

"आलेच, आप्पा. आज जरा दमानं घ्या."

खाली पांढरी गाडी थांबली. एक बाई उतरली आणि तिच्यामागं चक्क एक महिला पोलीस. प्रेरणानं समोरच्या घराकडं पाहून घेतलं. आता हस म्हणावं.

त्या दोघी वर येईपर्यंत ती दार उघडून उभी होती.

"या ताई. सकाळपासून सगळ्यांनी नुसतं टोलवलं मला. तुम्ही तेवढ्या आलात."

"ज्येष्ठांच्या हेल्पलाइनकडून आलोय. सासरे कुठं आहेत?" बाईनं विचारलं.

"सासरे?" प्रेरणा गोंधळली. "ते आत आहेत. पण तुम्ही तर सशांसाठी..."

महिला पोलिसाची नजर आतल्या दाराच्या कडीवर गेली होती. तिनं पुढं होऊन ती काढली.

आप्पा पलंगाच्या काठावर बसले होते. बाई त्यांच्यासमोर खाली टेकली. "बाबा, घाबरू नका. खरं सांगा, तुम्हाला इथं कुणी त्रास देतं का?"

आप्पांनी एकदा सुनेकडं पाहिलं, एकदा तिच्या कडेवरच्या नातवाकडं.

"नाय हो. सूनबाई लई गुणाची हाय." त्यांनी उशाची टोपी उचलून डोक्यावर घातली. "तुमच्या गाडीत जागा हाय का, तेवढं सांगा."